शेऱ्याचा रकाना

हातिमभाईंच्या दुकानात मी वही लिहायचो.
परवाना क्रमांक, काडतुसं आली, गेली, शिल्लक,
आणि कडेला एक अरुंद रकाना: शेरा.
तो बहुतेक कोराच राहायचा.
बंदूक मी आयुष्यात कधी चालवली नाही.

राजेशम म्याकल आला तो भोंगा झाल्यावर,
केसांत कापसाची लव तशीच.
गिरणीत जॉबर. परवाना नवा,
खिशातून काढताना दोन्ही हातांनी धरलेला.
म्हणाला, मोठी दाखवा. थ्री-फिफ्टीन.
कशाला?
सशाला.

हातिमभाई हसले नाहीत, चष्मा पुसत बसले.
“थ्री-फिफ्टीननं ससा मारलास
तर घरी काय नेशील, कान?
तू सूतवाला ना? वीसचं सूत जाड की ऐंशीचं?”
“वीसचं.”
“छर्ऱ्याचंही तेच. नंबर चढला की दाणा बारीक.
सहा नंबर सशाला, आठ नंबर लाव्याला.
रायफलीत मात्र उलट, आकडा लहान तशी नळी लहान.
जेवढा जीव तेवढीच गोळी, बाबा. टू-टू घे.
पण खेळणं समजू नको, मैलभर जाते ही.
सशाच्या मागं काय आहे ते आधी बघ,
मेंढरं असतात, मेंढका असतो.
आपल्या माळावर माती वीतभर, खाली नुसता दगड.
दगडावरनं उसळली तर कुठं जाईल
ते तिलाही ठाऊक नसतं.”

मग काचेवर दोन डब्या ठेवल्या.
एकीत भरीव गोळ्या, एकीत पोकळ नाकाच्या.
“पोकळ आत गेली की फुलते. जनावर जागीच बसतं.
भरीव आरपार जाते.
चाळीस पावलांच्या आत, डोकं धरता आलं तरच ती.”
राजेशम दोन्ही डब्या हातात तोलत राहिला,
लुगड्याचा पोत बघावा तसा.
पोकळवाली दीड रुपयानं महाग.

तेव्हा मी बोललो.
कुणी विचारलं नव्हतं.
“भरीव घ्या. मांस वाया जात नाही.”
कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या तोंडचं
ऐकलेलं वाक्य, माझ्या तोंडून.
हातिमभाईंनी माझ्याकडे बघितलं फक्त.
मी लिहिलं: टू-टू, भरीव, नग पन्नास.

शिकारबंदीचा कायदा आला त्या साली
राजेशम डबी परत घेऊन आला.
मी मोजली. एकतीस.
“एकोणीस गेल्या?”
“अठरा हिप्परग्याच्या तळ्यावर, कागदी कोनांवर.
गिरणीतले रिकामे कोन, ओळीनं दगडावर मांडून.”
(दगडावर! हातिमभाईंनी कपाळाला हात लावला.)
“अठरावा कोन पडला तेव्हा वाटलं, जमतंय.”
“आणि एकोणिसावी?”

त्यानं अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली,
तुटलेलं सूत गाठताना घासतात तशी.
“नान्नजच्या अलीकडं. पावलं मोजली नाहीत.
साठ असतील. जास्तही.
लागली, आवाजावरनं कळलं.
उडाला, पळाला, करडईत शिरला.
रक्ताचे तीन थेंब, मग पान, मग काटे.
मी आत शिरलो. दिवस बुडेपर्यंत हिंडलो.
पोटऱ्या सोलून निघाल्या.
पुढंपुढं पानांवर रक्त दिसायचं
आणि कळायचं नाही,
त्याचं की माझं.”

बाहेर कुणीतरी चादरींचा गठ्ठा
धप्पकन हातगाडीवर टाकला.
हातिमभाईंनी बंदूक उघडून नळीतून उजेड बघितला.
“साफ ठेवलीस,” एवढंच म्हणाले.
भरीव की पोकळ, हा विषय कुणी काढला नाही.
राजेशमला बहुधा आठवतही नव्हतं
मी काय बोललो होतो ते.

मी लिहिलं: जमा एकतीस, खर्च एकोणीस.
टाक शेऱ्यावर नेला.
शाई टोकाशी जमली, थेंब झाला,
मी टिपकागद शोधायला लागलो,
तेवढ्यात पडला.

तपासणीला आलेल्या साहेबांनी
पुढच्या महिन्यात त्या डागावर बोट ठेवलं:
हे काय?
मी म्हणालो, चूक झाली, साहेब.