वाक्यात उपयोग करा

फळ्यावर पाच शब्द लिहिले:
उमदा, तुटपुंजा, सुतकी, अवखळ, बेगुमान.
अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा.
प्रत्येकी दोन गुण.
आठवी ब. करंज्यातली शाळा,
खिडकीत यवतेश्वराचा डोंगर,
पंखा एकच, तोही बाईंच्या डोक्यावर.

सुतकी. विशेषण.
सुतक ज्याला आहे तो; सुतकात असल्यासारखा;
अवकळा आलेला.
एवढं मला तोंडपाठ.
पण शब्द काय कोशातून येतो घरी?
आईला बिनफोडणीचं वरण सुतकी,
नुसता चुना मारलेली भिंत सुतकी,
बांगडी नसली की माझा हात सुतकी.
सामना हरला की मामा टीव्हीवर खेकसायचे,
बंद करा रे ती सुतकी तोंडं.
आणि शेजारच्या सगुणाक्का,
मेल्या, मुडद्या, मसण्या, ये जेवायला,
तोंडात अख्खं मसण
आणि हातात गरम भाकरी.

वह्या रात्री तपासल्या.
बहुतेकांचे चेहरे सुतकी झाले होते:
सहल रद्द झाली म्हणून, मोबाईल हरवला म्हणून.
एकानं लिहिलं, आमचे गणिताचे सर सुतकी आहेत.
अर्धा गुण कापला. वेलांटी चुकली होती.

एकतीस नंबर, ऐश्वर्या वायदंडे.
वडील माहुलीच्या घाटावर सरण रचतात.
दाखल्यावर, धंदा : मजुरी.
तिच्या डब्यातलं कुणी खात नाही
हे मला जूनपासून ठाऊक होतं.
मुलांच्या सवयी, म्हणत आले होते मी.

अर्थाची जागा तिनं कोरी सोडलेली.
वाक्याच्या जागी चार वाक्यं:
"सुतकी माणसं आमच्याकडे रोज येतात.
त्यांना तहान लागते पण ती मागत नाहीत.
पप्पा म्हणतात आधी पाणी दे, पावती नंतर.
आम्ही सुतकी नाही, आम्हाला कामं असतात."

लाल पेनाचं टोपण
मी बराच वेळ लावत-काढत बसले.

अकरा वर्षांपूर्वीचा माघ.
भाऊ नाही म्हणून मडकं माझ्याच खांद्यावर.
वेण्णा गुडघाभर, कृष्णा जरा जास्त,
दोन्ही एकमेकींत मिसळताना आवाजसुद्धा नाही.
नंतर कट्ट्यावर बसले होते
तर कुणीतरी तांब्या पुढे केला.
हात कुणाचा, ते पाहिलं नाही.
तिचा नसणार, ती तेव्हा दोन वर्षांची.
पाणी गार होतं.
तांब्या परत दिला की तिथंच ठेवला,
तेही आता आठवत नाही.

अर्थाच्या कोऱ्या जागेत
मीही काही लिहिलं नाही.
दोन पैकी दोन.

बेगुमानचं वाक्य मात्र तिचं साफ चुकलं होतं.
तिथं शून्य दिलं.