पायदळी

वर्क्सवर्थच्या मेथडिस्ट हॉलमध्ये
खऱ्या आगीला परवानगी नाही. कमिटीचं पत्रच आलं.
म्हणजे पाताळातल्या मशालवाल्या पोरी
बॅटरीच्या दिव्यांवर भागवणार.
कीथ म्हणाला, आजोबांच्या आजोबांची टोपी आहे घरी,
शिशाच्या खाणीतली. मातीच्या गोळ्याने
मेणबत्ती चिकटवायचे तिच्यावर.
ती आणली, मेणबत्तीशिवाय.
रिकामी टोपी बघून सगळ्याजणी गप्प झाल्या
तेव्हा मला नाटकाचं पहिलं वाक्य मिळालं:
'दिवा कशाला? आम्हाला वाट पाठ आहे.'

पंधरा मिनिटांचं नाटक. पाच बायका, एक मुलगी.
निम्फ म्हटलं की इथे सगळ्यांना
संगमरवरी खांदे आठवतात, बागेतलं कारंजं.
मी त्यांना साती आसरा सांगितल्या,
डोहाकाठचे शेंदूर फासलेले सात दगड,
आणि टळटळीत बाराला तिकडे फिरकायचं नाही.
का, ग्लेनिसने विचारलं.
ओढतात, म्हटलं.
आसरा म्हणजे थारासुद्धा, हे मात्र राहून गेलं.
इंग्रजीत ते दोन शब्द एकमेकांना ओळखत नाहीत.

मिंथी पाताळातल्या नदीत राहायची.
राजाची नजर गेली.
मग राणी आली, जिला स्वतःला
फुलं तोडताना फरपटत खाली नेलं होतं,
जिची आई नऊ दिवस अन्नाला शिवली नव्हती,
तीच राणी. तिने मिंथीला टाचेखाली घेतलं.
मिंथीचा पुदिना झाला.
पुस्तकात एवढंच. पायदळी तुडवलं, संपलं.
(आपल्या शब्दात निदान एक अख्खं सैन्य चालतं.)
मी ती ओळ साडेतीन मिनिटं ताणली.

ग्लेनिस औट्रम, वय एकाहत्तर,
दगडखाणीच्या ऑफिसात चाळीस वर्षं पगारपत्रकं,
उजवा गुडघा नवा. राणी तीच.
तालमीत म्हणाली, मी तिचा द्वेष करते का?
म्हटलं, नाही. तू फक्त काम उरकतेयस.
हे मला कसं माहीत, ते तिने विचारलं नाही.
बूट बदलून आली.

शनिवारी ऐंशी खुर्च्या, त्रेसष्ट माणसं.
वास पोचला तसा तिसऱ्या रांगेतून आवाज:
'आणि कोकरू कुठाय?'
हॉल हसला. रविवारचं जेवण, मिंट सॉस.
ग्लेनिस थांबली नाही.
टाच. टाच. नव्या गुडघ्याचा बारीक खट्.
हसू विरळ होत होत एकाच माणसाचं उरलं,
मग त्यालाही ते ऐकू आलं.
चौघीजणी दिवे धरून भिंतीशी.
उजेड दाखवणं एवढंच त्यांचं काम,
त्यांनी ते चोख केलं.
टॅम्झिनला, एकोणीस वर्षं, बेकरीत पहाटपाळी,
मी एकही वाक्य दिलं नव्हतं.
ती ओरडलीसुद्धा नाही. बघत राहिली,
राणीकडे नाही,
खुर्च्यांकडे.

काळोख.
कीथने मागचं दार उघडलं, एकच,
आणि पायरीपासून फाटकापर्यंत पुदिना,
डर्बीच्या भाजीवाल्याकडून आणलेले चार क्रेट,
दुपारीच जुड्या सोडून मी पसरलेला.
दुसरी वाट नव्हती.
लोक उंबऱ्यावर थबकले. काठ्या, चिखलाचे बूट, एक बाबागाडी.
कुणी चवड्यांवर, कुणी 'सॉरी' पुटपुटत,
इथे खुर्चीला धडकले तरी सॉरी म्हणतात.
पण गेले. सगळे गेले. शेवटची बस दहाची.

मी हॉल झाडला, बॅटऱ्या काढल्या, चावी टाकली.
घरी दारात बूट उपडा केला
तर टाचेच्या खाचेत एक पान, काळं पडलेलं.
नखाने निघेना.
बूट बाहेरच ठेवला.
रात्री अडीचला उठून आत घेतला.
पाऊस नव्हता.