चौसष्ट

फलज अल मुअल्लाच्या पलीकडे, त्र्याण्णव साली
या खेळाला अजून धड नावसुद्धा नव्हतं.
रस्ता म्हणजे चुन्याने रंगवलेले टायर,
तेही वाऱ्याने अर्धे गाडलेले.
आदल्या वर्षी घोडे न् उंट एकत्रच सोडले होते म्हणे;
उंट मागे राहिले, भांडण पुढे गेलं.

मी फलटणच्या गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर,
म्हशीच्या पोटाला कान लावायची सवय असलेला.
इथे ताडपत्रीखाली एक टेबल, एक वही, एक घड्याळ
आणि डॉक्टर पेंडल्टन,
जे येईल त्याला एकच आकडा ऐकवायचे: चौसष्ट.
अर्ध्या तासात काळजाचे ठोके मिनिटाला चौसष्टवर आले पाहिजेत,
नाहीतर खोगीर उतरवा.
पहिलं येणं म्हणजे जिंकणं नव्हे,
हे तिथे कुणालाच पटत नव्हतं.
मला चौसष्ट म्हटलं की बुद्धिबळाचा पट आठवे.
त्यातला घोडा अडीच घरं चालून बसतो,
हे साठ किलोमीटर पळून आलेले.

हुमैद पहिला आला.
मागे पिकअपची रांग, हॉर्न, धुरळा,
करड्या घोड्याच्या मानेवर मिठाची रांगोळी.
डाव्या कोपराच्या मागे नळी टेकवली.
मोजणी मराठीतच येते मला, आजही.
ब्याऐंशी.
पाणी ओतलं, चालवला, पुन्हा पाणी.
एकाहत्तर.
सदुसष्ट.
घड्याळाचा काटा आला तेव्हा
पासष्ट.

हुमैदचा काका वाकून म्हणाला,
एका ठोक्यात काय असतं?
त्याच्या हातात काही नव्हतं, पण हात पुढे होता.
माझं पेन पाचाच्या आकड्यावर जरा रेंगाळलं,
खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात पोरानेच माझ्या गळ्यातली नळी काढली.
कानाला लावली.
ओठ हलत होते, अरबीत,
पूर्ण मिनिटभर, हॉर्न थांबेपर्यंत.
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
सित्ता व सित्तीन.
सहासष्ट.
आणि स्वतःच तंग सैल करू लागला.

सहावी आली मेहराब बलुचची म्हातारी घोडी.
शेवटचा मैल तो तिच्याबरोबर चालत आलेला,
चपला हातात.
जी बाटली मी दुकानात दोनदा विचार करून घ्यायचो
तसल्या नऊ बाटल्या तिच्या पाठीवर रिकाम्या झाल्या.
बावन्न.
डॉक्टरांचा विश्वास बसेना. पुन्हा. बावन्नच.
मेहराब हसला नाही,
नाल कुठे ढिली झालीय का ते बघत बसला.

घोडीने मात्र मान लांबवून
वहीचा कोपरा तोडला न् शांतपणे चघळला.

ते पान माझ्याकडे आहे अजून.
पासष्ट आहे, त्यावर गिरवलेलं सहासष्ट आहे,
बावन्न आहे, खाली पेंडल्टनची सही.
घोडीचं नाव तेवढं नाही.
ते त्याच कोपऱ्यात लिहिलं होतं.