हातचे अकरा

कीबोर्ड उघडला की अर्धा स्क्रीन जातो.
उरतात सहा ओळी,
त्यातली वरची फुटलेल्या काचेखाली,
ती वाचायला मोबाईल दिव्याकडे तिरपा धरतो
अंडं पारखून घ्यावं तसा.

फलज अल कबाइल, खोली एकोणीस, वरचा पलंग.
पंख्याची पाती डोक्यापासून हातभर.
खाली शाजीची मच्छी तळून झालीय,
दिलावरभाई दापोलीला बोलतायत, हळू, उशीत तोंड घालून.
मी अंगठ्याने चार वेळा जागा सोडतो,
ओळ आत सरकवतो:
जर दिवस शुक्रवार, तर दर दुप्पट.
कोलन कीबोर्डच्या तिसऱ्या पानावर लपलेला,
आणि मदत म्हणून मोबाईल
माझ्या 'तास'चा दर वेळी 'ताप' करतो.

प्रोग्राम एवढासाच. कधी आलो, कधी सुटलो,
महिन्याचे किती झाले.

पहिल्या रात्री उत्तर आलं: उणे चौदा.
संध्याकाळी सहाला चढलो, पहाटे चारला उतरलो,
आणि हा म्हणतो, मीच कंपनीचं देणं लागतो.
मधली मध्यरात्र त्याला सांगायची राहिली होती.

मग बैसे चुकले.
रुपयाला शंभर पैसे हे हाडात बसलेलं,
इथे रियालला हजार.
दशांशाची दोनच घरं ठेवलेली मी,
तिसऱ्या घरातलं स्वतःच्या हाताने फेकत होतो.

दुपारच्या सुट्टीत पराचीच्या सावलीत
दातांनी ग्लोव्ह ओढून पुन्हा चालवून बघितला.
स्क्रीन काळा. फोन फार तापलाय, थंड होऊ द्या.
नऊ वर्षांत मला असं कुणी म्हटलेलं नाही.

मध्यरात्र दुरुस्त, बैसे दुरुस्त,
तरी पगाराच्या चिठ्ठीशी जुळेना.
अकरा तास.
बिडवे गुरुजी असते तर म्हणाले असते,
हातचा विसरलास, लिंब्या,
ताळा केल्याशिवाय पाटी दाखवू नकोस.
चार रात्री मी माझ्याच ओळींच्या मागे.
खोटे दिवस भरले त्यात,
एक तास घातला, एक आला,
अर्धा घातला, अर्धाच आला.
एवढा साधा प्रामाणिक माणूस या कॅम्पात दुसरा नाही.

पाचव्या रात्री चिठ्ठीवरून बोट फिरवलं.
आठ. नऊ. दहा. नऊ.
सगळे पूर्णांक.
महिन्यात बावीस दिवस आम्ही साडेसहाला सुटलो,
बावीसही दिवस चिठ्ठीत सहा वाजले.

म्हणजे तिकडेही कुणीतरी बसलेला आहे,
त्याचा स्क्रीन मोठा, कोलन बोटाखाली,
त्यानेही एक घर कमी ठेवलंय.
माझ्या बैशांसारखी विसरला,
की कुणी सांगितलं म्हणून,
हे ओळीत दिसत नाही. ओळ दोन्हीकडे तशीच असते.

दिलावरभाईंचे निघाले चौदा.
ते म्हणाले, परत चालव. परत चौदा.
मग चष्मा काढून नुसते बसले.
शाजीने बारा वहीत लिहून घेतले, मल्याळीत.
टेकबहादूर भिंतीकडे तोंड करून म्हणाला,
माझं नको काढूस.
आकडा कळला तर झोप यायची नाही.

मी त्याचं काढलं नाही.
म्हणजे काढलं, दाखवलं नाही.

आई फोनवर म्हणते, हातचं सोडून
पळत्याच्या पाठी लागू नको बाबा.
तिला कसं सांगू, हातचंच मोजतोय.

सकाळी गेटवरच्या मशीनला अंगठा दिला.
वडील शंभर ठिकाणी अंगठा देऊन आले,
त्यांचा तरी उठायचा.
माझ्या रेघा पाइपांनी घासून गेल्यात.
पुन्हा लावा, मशीन म्हणालं. पुन्हा लावा.
मागची रांग कुरकुरली.
तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागला,
पाच वाजून सत्तावन्न.
बसमागे धावत
त्याच अंगठ्याने लिहून ठेवलं.