आडवा वारा

वागारच्या धावपट्टीपाशी, फेरो बेटांत,
एका पांढऱ्या पेटीतून रान्वा वारा मोजते.

आत स्फटिकाची कांडी, करंगळीएवढी.
तिच्यातून सेकंदाला कैक वेळा प्रकाश सुटतो,
डोळ्यांना न दिसणारा,
खाडीच्या तोंडावरून ढगांच्या पोटाखाली.
वाटेत मिठाचे कण भेटतात, लाटांनी उडवलेले.
त्यांच्यावर आपटून चिमूटभर परततो,
सूर किंचित चढलेला, नाहीतर उतरलेला.
घरी ठेवलेल्या सुराशी ती तो ताडून पाहते.
फरक म्हणजे वारा.

वारा कुणी पाहिलाय?
ज्यांना तो ओढून नेतो, त्यांच्याकडे ती चौकशी करते.

सासरा हानुस म्हणतो,
छपरावरचं गवत बघ,
मेंढ्या कुठल्या भिंतीआड बसल्यात बघ.
दोघांचं कधी जमलं नाही,
वाऱ्यावर मात्र तासन्‌तास भांडतात.

आज दुपारभर पाऊस. हवा धुऊन निघाली.
पडदा कोरा.
स्वच्छ हवा ताकास तूर लागू देत नाही.
वर कोपनहेगनचं विमान तिसरी फेरी घालतंय,
आत एकोणऐंशी माणसं,
त्यांतला एक हानुस, नवी कवळी बसवून येणारा.
काही दिसतंय का, वैमानिक विचारतो.
थांबा, ती म्हणते,
अजून हवेत मळ आलेला नाही.

सातच्या सुमाराला समुद्र फेसाळला,
मीठ उडालं,
आणि डोंगराच्या खांद्यावरून खाली लोटणारा झोत
पडद्यावर निळाभोर उमटला.
प्रकाश मिठाला जागला.
"नको," रान्वा म्हणाली.
विमान बर्गेनकडे वळलं.

रात्री फोन.
नव्या दातांतून शब्द शिट्टीसारखे:
"मेंढ्या सकाळपासून पूर्वेच्या भिंतीआड होत्या.
मला विचारायचं तरी!"
"तुम्ही विमानात होता."
"मग सकाळी विचारायचं."

यंत्राचं एक आहे.
रोखाने येणारं कळतं, रोखाने जाणारं कळतं.
आडवा वाहणारा, कितीही पिसाटलेला असो,
शून्य दाखवतो.
म्हणून त्याला मान फिरवत राहावी लागते,
इकडून, तिकडून, पुन्हा इकडून.

फोनवर थोडा वेळ दोघंही गप्प.
नऊ वर्षं झाली,
बारदुरचं नाव दोघांपैकी कुणी काढलेलं नाही.
"जेवलात का?" ती विचारते.
"सूप. दुसरं चावत नाही."

मग ती टॉर्च घेऊन बाहेर जाते,
पेटीच्या काचेवर साचलेलं मीठ पुसते.
रोज पुसावं लागतं.
फडकं खारट, बोटं खारट,
केस तोंडात येतात, तेही.