साक्ष

पाळकसाहेब म्हणाले, सुवार्ताबाई, पाचच मिनिटं.
फत्तेगंजच्या देवळात पंखे गरगरत होते.
पुढच्या बाकांवर महिला मंडळ, मांडीवर पर्स,
मागं तरुण संघ, अर्धा फोनमध्ये,
आणि अगदी शेवटी, दाराशी,
युनिव्हर्सिटीत शिकणारा एक काळा उंच मुलगा, एकटा.

सगळ्यांना सिंह हवा होता.
सिंह मी पाहिला नाही.
मगर पाहिली आहे, पण ती इथंच, विश्वामित्रीत,
आणि ती काही साक्षीत बसत नाही.

मलावीत मी दोन वर्षं चार महिने पोरं तोलली.
आंब्याच्या फांदीला काटा, काट्याला कापडी चड्डी,
चड्डीत पोर, पोराचे पाय हवेत.
सहा किलो दोनशे. लिहा. पुढचं.
सात. लिहा.
पाच किलो नऊशे. मागच्या महिन्यात सहा होतं.
इथं पेन थांबायचं.

पहिले काही आठवडे लोक मला साखरेचा भाव विचारत.
हिंदुस्थानी माणूस म्हणजे दुकान.
मी म्हणे, आजोबा, दुकान नाही, प्रभूच्या कामाला आले.
आजोबा विचारात पडत.
मग दुकान कोण बघतंय?

मंडळ हसलं. बरं वाटलं.
मग मी हापशाची रांग सांगितली,
मक्याच्या पिठाचा तो पांढरा घट्ट गोळा, न्सिमा,
त्याच्याशी मी खायची ती नगरच्या मावशीची कारळ्याची चटणी,
आणि ती चाखून अग्नेस नर्स म्हणाली होती,
तुमच्याकडं माती पण भाजून खातात?

तिनंच मला पहिला शब्द शिकवला, पेपानी.
वाटेत कुणाला ठेच लागली
की शेजारचा म्हणतो पेपानी, समोरचा म्हणतो पेपानी,
पलीकडच्या शेतातली बाईसुद्धा कंबर सरळ करून म्हणते.
माफ करा, असा अर्थ.
धोंडा कुणीच ठेवलेला नसतो.

आणि अंगण. पहाटे पाचला झाडू.
झाडूच्या रेषा मातीत तशाच राहू द्यायच्या,
रात्री कोण येऊन गेलं ते सकाळी कळतं.

इथं माझी पाच मिनिटं संपली.
आमेन, म्हणाले सगळे. टाळ्या नाहीत, देऊळ आहे.

राहिलं ते एवढं.
दवाखाना चारला बंद होई. नियम.
मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी एक बाई आली,
पाठीला मूल बांधलेलं, नुसती टाळू दिसत होती.
मी कुलूप लावलं होतं, किल्ली हातातच होती.
खूण केली, उद्या.
ती वाद घालत नाही बसली. चटईवर बसली.
रॉकेल संपत आलं होतं, मी लवकर झोपले.

सकाळी चटई गुंडाळून भिंतीला टेकवलेली,
आणि रेषांवरून फाटकापर्यंत
एकाच माणसाची पावलं.
असणारच. मूल पाठीवर असतं.
हेच मी अकरा वर्षं स्वतःला सांगते आहे.
वहीत तिचं नाव नाही, वजन नाही,
पेन थांबायलासुद्धा जागा नाही.

बाहेर पायरी उतरताना चपलेचा अंगठा तुटला.
तोल गेला, भिंत धरली.
मागून कुणीतरी हळूच म्हणालं,
पेपानी.

तोच मुलगा. तामांडा नाव, फार्मसीचं दुसरं वर्ष.
त्याच्या आईच्या गावाचं नाव त्यानं सांगितलं,
ते माझ्या दवाखान्यापासून लांब होतं, फार लांब.
मी विचारलं, जेवतोस कुठं, इथली डाळ गोड लागते का.
चप्पल हातात धरून
मी आणखी काहीतरी विचारणार होते,
की फार वर्षांनी म्हटलेला तो शब्द कुणाला पोचतो का,
पण अंगणातून सेक्रेटरीबाईंनी हाक मारली,
अहो सुवार्ताबाई, या ना,
खारी संपत आली.