पोटाखालचा पत्रा

गेल्या चैतात वेर्ल्याच्या चढावर
एका दगडानं पिक-अपचं चेंबर फोडलं.
मागे काजूच्या बोंडूंचे चौदा डबे, आंबायला लागलेले,
खाली तांबड्या मातीवर काळी, ऊन धार.
मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले.
मुंग्यांनी वाट बदलली.
भाटीवाल्याचा फोन तीनदा येऊन गेला.

कॅटलॉगात या कामाला मोठमोठी नावं आहेत.
कुडचड्याचा इनास म्हणतो, ‘पत्रा मारूया.’

त्याच्या गॅरेजमागे खाणीवरचे टिप्पर कापून ठेवलेत.
हौदे उताणे, हौद्यांत पाणी,
पाण्यात बेडकांची पोरं शेपट्या हलवत.
त्यातल्या एका हौद्याच्या बाजूवर त्यानं थाप मारली:
‘सहा मिलिमीटर. असलं लोखंड आता बाजारात मिळत नाय.’
ज्या डोंगरातून माती भरभरून नेली याच हौद्यानं,
त्याच डोंगराच्या दगडांशी आता त्याची गाठ.
हे मी बोलले नाही. इनासला असलं आवडत नाही.

बियरच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन तो गाडीखाली गेला,
शिंप्यासारखा माप काढत.
फक्त चपला बाहेर, आणि अधूनमधून एक हात:
खडू. पाना. तेरा नंबर. तेरा म्हटलं, चौदा नव्हे.

मी म्हटलं, सगळंच झाकून टाक, एक फट ठेवू नको.
तो बाहेर आला, कपाळाचं ग्रीस कोपरानं पुसत.
‘सगळं झाकलं, तर काळं तेल कुठनं काढशील गे बाय?’
आणि पत्र्याच्या मधोमध
रुपयापेक्षा थोडं मोठं भोक पाडलं.

दोन्ही बाजूंना पाइप आले, दाराखाली.
खाणीतलं पाणी उपसायचे, तेच पाइप,
आतून अजून लाल.
पुढे मोठा बार हवा होता मला, तो त्यानं नाकारला.
‘पोलीस धरतील. आणि गवा आडवा आला
तर बार काय करणार? हॉर्न पण मारू नको. लाइट बारीक कर,
थांब, त्याला त्याच्या घरी जाऊ दे.’

मग काट्यावर वजन झालं: अठ्ठावन्न किलो.
म्हणजे प्रत्येक खेपेला दोन डबे कमी.
हा हिशेब कॅटलॉगात नसतो.
मागच्या कमानींना एकेक पाटा वाढवला, तरी गाडी बसल्यासारखी दिसते,
जेवून उठलेल्या माणसासारखी.

बोल्ट आवळण्याआधी मी वाकून पाहिलं:
पत्र्यावर जुनी अक्षरं, पिवळी, पोपडे धरलेली.
कुणा ड्रायव्हरनं लिहून घेतलेलं ‘देव बरें करूं’.
कटरनं ‘देव ब’ पलीकडच्या तुकड्यात गेलं.
आमच्या वाट्याला आलं ‘रें करूं’,
तेही तोंड खाली करून. दगडांनी वाचावं.

बाबांनी पंधरा वर्षं टिप्पर चालवला.
त्यांनी जमिनीवर एक हात टेकला, दुसऱ्यानं
पत्र्यावर टकटक केलं, कान लावला.
‘कुणाचा गे हा?’ एवढंच विचारलं.
मला माहीत नव्हतं. इनासलाही.

सोमवारी बारा डबे घेऊन तोच चढ.
तोच दगड, मला तो ओळखू येतो,
डाव्या बाजूला, शेवऱ्याच्या मुळाशी.
पाय क्लचवर आखडला.
खालून आवाज आला: खण्ण्,
मग एक लांब ओरखडा, दात शिवशिवतील असा,
आणि गाडी पुढे.

भाटीवर उतरून मोबाइलच्या उजेडात बघितलं.
‘क’वरून एक नवी, चकचकीत रेघ.
भोकात बोट घालून बघितलं: कोरडं.

रात्री इनासचा फोन.
‘वाजलं?’
‘वाजलं.’
‘मग बरं.’
थोडा वेळ त्याच्याकडून नुसता रेल्वेचा भोंगा.
‘आणि ते बाराशे उरलेत, बाय,
ते कधी?’